नळ कुणी बंद केला

नवऱ्याला मी लग्नापासून 'आवं' म्हणत आले, अजूनही म्हणते. पण इथं लिहिताना 'तो' म्हणणार आहे. एवढी मोकळीक मी घेतलीय आणि ती कुणाला विचारून घेतलेली नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. माझं माहेर कोरेगावचं, ऊसवाल्यांचं. सासर जत तालुक्यातलं. तिथं माणसं आभाळाकडं बघत ज्वारी पेरायची आणि टँकरचा आवाज आला की जेवणावरून उठायची. नवरा एका सरकारी खात्यात मोजणीच्या कामाला होता, म्हणजे कायम फिरतीवर. लग्नाला दीड वर्ष होऊनही आम्ही दोघं सलग महिनाभर एका छपराखाली राहिलो नव्हतो. तो कधी वडूजला, कधी पाटणला, तंबूत. मी जतला सासूबाईंच्या हाताखाली. सासूबाई वाईट नव्हत्या, पण त्या घरात माझं म्हणावं असं काही नव्हतं. चहात साखर किती घालायची तेसुद्धा विचारावं लागायचं.

त्या हिवाळ्यात खात्याची पाहणी महाबळेश्वरच्या पठारावर निघाली आणि खात्यानं तिथं एक चाकांवरचं घर पाठवलं. कागदावर त्याला ट्रेलर म्हणत, गडीमाणसं डबा म्हणत. जीपला जोडून ओढत न्यायचा पत्र्याचा डबा, आत दोन फळ्यांचे पलंग, नकाशे काढायचं मोठं टेबल, स्टोव्हची जागा, आणि कोपऱ्यात हात धुवायचं भांडं. त्यावर चक्क नळ! माहेरी आमच्याकडं विहिरीवर इंजिन होतं, पण घरात नळ नव्हता. सासरी तर प्रश्नच नव्हता.

डब्यात बायकामाणसांना राहू द्यायचा नियम नव्हता. पण स्वयंपाकी थंडीला घाबरून पळाला आणि पुण्याचे साहेब डाकबंगल्यावर पाव खाऊन कंटाळले. नवऱ्यानं धीर करून विचारलं, "घरच्यांना आणू का?" साहेब म्हणाले, "आणा, पण डब्याची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. काही बिघडलं, तर दुसऱ्या दिवशी घरी पाठवावं लागेल. मला वर उत्तर द्यावं लागतं." नीट निभावलं असतं तर त्या मुक्कामापुरतंच काय, पुढच्या प्रत्येक मुक्कामाला मला नेता आलं असतं. म्हणजे संसार. मी जतहून निघाले तेव्हा पाय जमिनीवर नव्हते.

मला पोचवायला माझा थोरला भाऊ आला. तो फौजेत होता, लडाखकडं, आणि त्याच्या पलटणीत पाण्याचं कामच त्याच्याकडं होतं. रजेवर होता. पोचल्या पोचल्या साहेबांनी तक्रार सांगितली, की तलावाकडच्या या सखल माळावर पहाटे दंव गोठतं आणि सकाळी नऊपर्यंत नळाला थेंब येत नाही. दादा डब्याखाली आडवा झाला, पाठीला माती लावून बाहेर आला आणि म्हणाला, "पाईप उघडाच हाय की! ह्यो तर फुटायचाच."

मागच्या बाजूला लोखंडी टाकी होती. तिथून पाईप डब्याच्या खालून, उघड्यावरून पुढं यायचा आणि आत शिरून टेबलावरच्या भिंतीनं नळापर्यंत जायचा. दादानं दोन दिवसांत मला सगळं शिकवलं. टाकी रोज संध्याकाळी रिकामी करणं सगळ्यात बरं, पण पाणी जीप एक दिवसाआड आणायची, त्यामुळं ते शक्य नव्हतं. मग दादानं अंथरुणाखाली घालायला म्हणून कोरेगावहून पोत्यात भरून आणलेलं उसाचं पाचट आम्ही पाईपला गुंडाळलं, त्यावर गोणपाट, त्यावर सुतळी. टाकीला सासूबाईंनी दिलेलं जतचं घोंगडं पांघरलं. त्यावरून नवऱ्यानं तोंड वाकडं केलं. "घोंगडं माणसाला असतंय, टाकीला न्हाई," म्हणाला. मी म्हटलं, "टाकीला थंडी वाजली तर तुमचं तोंड कशानं धुवाल?" साहेबसुद्धा हसले.

"आणि सगळ्यात म्हत्त्वाचं," दादा म्हणाला, "रात्री नळ बंद करायचा न्हाई. थेंब थेंब पडू दे. वाहतं पाणी लवकर गोठत न्हाई. आणि गोठलंच, तर ते फुगतंय, पुढच्या पाण्याला दाबतंय. नळ उघडा आसंल तर ते पाणी भाईर जातंय. बंद आसंल तर पाईप फाडतंय. समजलं? ही तुझी ड्यूटी."

मला समजलं. मी मॅट्रिक होते, आणि कुणी नीट समजावून सांगितलं तर मला काहीही समजायचं. साहेबांना तो उघडा नळ मीच दाखवला, दादाचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "हे आमच्या मेकॅनिकला कळलं नव्हतं." त्या दिवशी मी दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

पाच आठवडे सगळं छान चाललं. नळाखाली बादली ठेवायची, दिवेलागणीला नळ थेंबावर आणायचा. सकाळी बादली भरलेली असायची, तेच पाणी अंघोळीला. एक थेंब वाया जात नव्हता. पाहुण्यासारखी येऊन मी त्या डब्याची मालकीण झाले होते. दुपारी पायरीवर बसून शेंगा निवडायच्या, साहेबांना पिठलं-भाकरी करून घालायची, संध्याकाळी नवरा माळावरून येताना दिसला की चहाचं आधण ठेवायचं, साखर माझ्या मनानं. आयुष्यात एवढी खुशीत मी नंतर क्वचितच राहिले.

नवऱ्याला मात्र तो थेंब सोसत नव्हता. बादलीत पडतोय, सकाळी वापरतोय, हे डोक्याला पटत होतं, कानाला पटत नव्हतं. त्याच्या गावात त्यानं घागरीभर पाण्यासाठी भांडणं बघितली होती. पडत्या पाण्याच्या आवाजानं तो कूस बदलायचा. "वाया चाललंय गं," असं म्हणायचा. मी म्हणायची, "बादलीत चाललंय, झोपा." मला त्याचं हसू यायचं आणि थोडी मायाही वाटायची. खोटं कशाला सांगू.

मग एका सकाळी उठले, तर बादलीत चार बोटं पाणी. नळ घट्ट बंद. माझ्या हातानं फिरेना इतका घट्ट.

"मीच बंद केला," नवरा दाढी करता करता म्हणाला. त्याच्या आवाजात काही लपवाछपवी नव्हती. "लय आवाज येत हुता, झोप लागंना. एका रातीनं काय हुतंय?"

बाहेर गवत पांढरंफेक पडलं होतं. टाकीवरचं घोंगडंसुद्धा कडक झालं होतं. मी फडकं गुंडाळून जोर लावून नळ उघडला. काही आलं नाही. "दादानं सांगितलं हुतं तुमाला," मी म्हटलं. "उन्हं आली की येतंय," तो म्हणाला आणि साखळी, झेंडे घेऊन माणसांबरोबर कामावर निघून गेला. खाली पाईप फुटला असला तर पाणी वाहून जाऊ नये म्हणून मी टाकीचा कॉक बंद करायला गेले, तर तोही गोठून बसलेला. चहाच्या भांड्यात पाणी तापवून फडकी भिजवली आणि कॉकवर धरत बसले. टेबलावर साहेबांचे नकाशे पिना टोचून ताणून लावले होते, शाई भरायचं काम चालू होतं. त्यांना हात लावायचा नाही ही साहेबांची सक्त ताकीद. आणि हात लावावा असं तेव्हा काही दिसतही नव्हतं. पाईप कोरडा ठाक.

ऊन पत्र्यावर आलं आणि आतून पिचकारी उडाल्याचा आवाज आला. पाईप टेबलावरच्या वळणात आधीच फाटला होता, नुसता बर्फानं बुजला होता. बर्फ सुटला आणि टाकीतलं पाणी तिथून भरधाव सुटलं. मी आत धावले, नखांनी पिना उपटल्या, बोटं रक्ताळली. दोन नकाशे वाचले. तीन नकाशांवरची शाई माझ्या डोळ्यांदेखत ओघळून टेबलाखाली गेली. दीड महिन्याचं काम.

साहेब आले तेव्हा मी लुगड्याचा पदर पिळत उभी होते. कुणीतरी माळावर जाऊन नवऱ्याला बोलावून आणलं. साहेबांनी फाटलेला पाईप बघितला, नळाखालची रिकामी बादली बघितली. त्यांना सगळं माहीत होतं, मीच शिकवलं होतं ना! ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "रात्री नळ कुणी बंद केला?"

मी नवऱ्याकडं बघितलं. मला शंकाच नव्हती. सकाळी माझ्यापाशी त्यानं जसं सहज सांगितलं होतं, तसंच तो आताही सांगेल असं मी धरून चालले होते.

"हिच्या हातनं झालं आसंल सायेब," तो म्हणाला. "सवय न्हाई तिला. इसरली आसंल."

माझ्या कानावर माझा विश्वास बसेना. साहेब माझ्याकडं वळले. "बाई?" म्हणाले. विचारत होते ते, मला संधी देत होते. मी तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांचं काम होतं. पण चार परक्या माणसांत नवऱ्याला खोटं पाडायचं नसतं, हे मला इतक्या लहानपणापासून शिकवलेलं होतं की जीभ उचललीच नाही. आणि दुसरंही होतं. मला वाटलं, आता हा घाबरलाय, संध्याकाळी जाऊन साहेबांना खरं सांगेल. मी मान खाली घातली. साहेबांनी ते कबुली म्हणून घेतलं. कुणीही घेतलं असतं.

संध्याकाळी तो डाकबंगल्यावर गेला. मी चहाचं आधण ठेवून वाट बघत बसले. परत आला तो एसटीच्या वेळा विचारून आला होता.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर त्यानं मला वाटेत खायला खारे शेंगदाणे घेऊन दिले आणि माझं बोचकं वर चढवलं. गाडी सुटायला वेळ होता. मी एवढंच म्हटलं, "आवं, माझं नाव का घेतलंसा?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "आगं, माझं नाव घेतलं आसतं तर नोकरी गेली आसती. तुझं काय जानार हुतं?"

तो मला दुखवायला हे बोलला नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. मी सातारपर्यंत रडले नाही. सातारला गाडी बदलली, सांगलीला बदलली, जतला उतरले तेव्हा शेंगदाण्यांची पुडी तशीच होती, ती स्टँडवरच्या एका शेळीला घातली. सासूबाईंनी दारातच विचारलं, "का आलीस?" मी म्हटलं, "माझ्या हातनं चूक झाली." हे खोटं मी स्वतःच्या तोंडानं बोलले तो पहिला दिवस. पुढची सहा वर्षं मी जतलाच होते. दोन्ही पोरं तिथंच झाली. तो सणाला यायचा, कापड आणायचा, चांगला वागायचा. डब्याचा विषय मी काढला की म्हणायचा, "झालं गेलं, सोड."

त्यानं मात्र सोडलं नाही. पुढं नोकरीत वर चढला, सांगलीला क्वार्टर मिळाली, मी त्याच्याबरोबर राहायला गेले, आणि पाहुणे आले की तो ती गोष्ट सांगायला लागला. गंमत म्हणून. "आमची ही एकदा नळ बंद करून झोपली आणि सरकारचे नकाशे धुऊन काढले!" पाहुणे हसायचे, मी चहा आणायची. पहिल्या काही वेळा सांगताना तो माझ्या नजरेला नजर द्यायचा नाही, ते मी बघायची. त्यातच माझं समाधान होतं. कळतंय ह्याला, असं वाटायचं. कधीतरी बोलेल.

थोरल्या पोराच्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा व्याह्यांपुढं त्यानं ती पुन्हा सांगितली. या वेळी त्यात भर होती. आपण रात्री उठलो, नळ बंद दिसला, हिला हलवून उठवायचं मनात आलं, पण दमलेली म्हणून झोपू दिलं. सांगता सांगता तो माझ्याकडं वळला, सरळ डोळ्यांत बघितलं आणि प्रेमानं म्हणाला, "तवा मी तुला उठवायला पायजे हुतं. माझंबी चुकलंच थोडं."

मी त्याच्या डोळ्यांत शोध शोध शोधलं. तिथं काहीही लपवलेलं नव्हतं. त्याला तसंच आठवत होतं. इतकी वर्षं मी ज्याच्या कबुलीची वाट बघत होते तो माणूस कधीच निघून गेला होता, आणि हा समोर बसलेला भला माणूस मला माफ करत होता.