पॅकेजमध्ये काय काय गेलं

आधीच सांगून ठेवतो, हसता हसता चहा सांडलात तर मी जबाबदार नाही. पण तेव्हा माझं रक्त गोठलं होतं हो!

नव्वदच्या दशकाची अखेर. कापडाच्या शहरात राहायला डिंडोलीत, कामाला दुसऱ्या टोकाच्या कतारगामला, कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं काढायला. डिझाइनसाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि डोक्यात खूळ शिरलं, हा लिनक्समध्ये गेलाच पाहिजे! लिनक्स म्हणजे जगभरच्या हौशी लोकांनी मिळून केलेली फुकट प्रणाली. तिच्यात शिरायचं तर सगळ्या फायली नियमाप्रमाणे बांधून पॅकेज पाठवायचं. तपासायला परदेशातला एक स्वयंसेवक, योहान.

त्याने तीनदा परत पाठवलं. कधी परवान्याची फाइल नाही, कधी फायली भलत्याच जागी, कधी म्हणे, "तुझ्या मशीनवर चालतो, माझ्या नाही." चौथ्यांदा ईमेल आली:

"पॅकेज चाललं. आईचा गुडघा कसा आहे?"

आईचा गुडघा? याला कुणी सांगितलं?

दुसऱ्या दिवशी: "धुळ्याच्या मुलीशी लग्न करायचं नाही, तर वडिलांना सांगत का नाहीस?"

अहो, हे मी जिवंत माणसाजवळ बोललो नव्हतो! बंद खोलीत मी, शेजारी काम करणारा जिग्नेश आणि पंख्याची घरघर. जिग्नेशने ईमेल वाचली आणि स्क्रीनवर फडकंच टाकलं.

"भाई, आमां कोई बेठुं छे!"

कोण बसलंय आत? फडकं बाजूला सारून मी लिहिलं, "तुम्हाला हे कसं कळलं?"

उत्तर आलं: "तूच सांगितलंस. रोज दोन पानं वाचतो."

पानं?

मी पाठवलेलं पॅकेज उघडलं. प्रोग्राम होता. परवाना होता. आणि खाली माझी सबंध डायरी! घाईत मी प्रोग्रामचं सोडून माझं स्वतःचं अख्खं फोल्डरच बांधलं होतं. डायरी इंग्रजीत. का? तर घरात कुणाला वाचता येऊ नये म्हणून!

योहानने बिचाऱ्याने ती काढून टाकली. पण मला कुठला धीर? अजून कुणाच्या हाती लागली असेल तर? बाबा कापडाच्या लूमवरून घरी आले, तसा समोर जाऊन उभा राहिलो.

"बाबा, मला त्या धुळ्याच्या मुलीशी लग्न नाही करायचं."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने पदर तोंडाला लावला.

"त्यासनी तं मांगेच नकार धाडा," बाबा हळूच म्हणाले. "तुले वाईट वाटी म्हनीसन सांगं नही."

"नकार? का?" माझा आवाज चिरकला.

"पोरगी म्हने, दिनभर डबडासंगे बोलनारा नवरा नको."