दादांचा अल्बम आणि तांब्याची तार

त्या आठवड्यात घरातल्या कुठल्याच प्लास्टिकला जिवाची शाश्वती राहिली नव्हती. जेवणाच्या टेबलावरच्या आच्छादनाचा एक कोपरा गेला. मुलीच्या रेनकोटच्या टोपीला चिमणीने चोच मारावी तसं भोक पडलं. आणि पर्सचा बंद आतल्या बाजूने नखभर कमी झाल्याचं दिसलं तेव्हा बायको स्वयंपाकघरातून थेट उलथनं घेऊनच बाहेर आली.

"पर्स माझी, तार तुमची. तार खाली ठेवा."

"अगं, ज्योत हिरवी होते का एवढंच बघत होतो."

"झाली?"

"झाली ना!" त्याचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा.

"मग आता माझा चेहरा बघा कुठल्या रंगाचा झालाय."

या गृहस्थाला सगळे वाइंडर म्हणत. जळालेल्या मोटारी, पंप, पंखे यांच्या पोटातली करपलेली तार उपसायची आणि नवी भरायची, हा धंदा. सासरची माणसंसुद्धा त्याला "वाइंडर जेवले का?" असं विचारत. तांब्याची तार त्याच्या खिशात कायम असायची. दुसऱ्याच्या खिशात रुमाल असतो, तशी.

आणि दुसरं वेड नाण्यांचं. ते वडिलांकडून आलेलं. वडील गोदीत स्टोअरकीपर होते. जहाजांवरचे खलाशी चार देशांची नाणी त्यांच्या टेबलावर टाकून जात आणि वडील ती घरी आणून खिडकीपाशी उन्हात फिरवून बघत. ते गेले तेव्हा मोजून एकशेवीस निघाली. तीन भावंडं, चाळीस-चाळीस. पण ताईने, म्हणजे सगळ्यात थोरल्या बहिणीने, आपली चाळीस पत्र्याच्या डब्यात बंद केली आणि जाहीर केलं, "मला यातलं काही कळत नाही. पाच वर्षांनी येऊन बघेन. ज्याने आपली नीट ठेवली असतील त्याला माझीही. दुसऱ्याने तोंड वाकडं करायचं नाही."

ताई रुग्णालयात मेट्रन होती. मोठमोठे डॉक्टर तिच्या वॉर्डात शिरताना आधी बूट पुसायचे. तिच्यापुढे कोण तोंड वाकडं करणार?

ती पाच वर्षं आता येत्या रविवारी भरत होती.

वाइंडरने या पाच वर्षांत ठेचा खाऊन अक्कल मिळवली होती. सुरुवातीला त्याने नाणी कागदात गुंडाळून सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या रबरांनी बांधली होती. दुकानात सगळं तसंच बांधायचा, इथेही बांधलं. वर्षभराने उघडून बघतो तर चांदीच्या एका नाण्याच्या पोटावर काळा पट्टा! पोलिसाच्या कमरेला असतो तसा. जुन्या बाजारात जाजम टाकून बसणाऱ्या नाणेवाल्या म्हाताऱ्याला त्याने ते दाखवलं. म्हातारा हसला, मग रागावला, मग शिकवायला बसला. रबरात गंधक असतं, ते चांदीला काळं फासतं. पण त्याहून वाईट ते मऊ, लुसलुशीत, नव्या रेनकोटसारखा वास मारणारं प्लास्टिक. ते काही वर्षांनी घाम सोडतं. हिरवा, चिकट घाम. तांब्याला तर खातंच.

"मग ओळखायचं कसं, बाबा? वास तर सगळ्यालाच येतो."

"तांब्याची तार आहे?"

वाइंडरला हा प्रश्न विचारणं म्हणजे माशाला 'पाणी आहे?' विचारणं.

म्हाताऱ्याने सांगितलेली रीत अशी. तारेवरचं लाखेचं आवरण खरवडून काढायचं. उघडी तार ज्योतीत तापवायची, रंग येईनासा होईपर्यंत. ती प्लास्टिकला टेकवायची, जरासं चिकटू द्यायचं, परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की ते प्लास्टिक नाण्याचं वैरी. खिडकी उघडी ठेवायची आणि धूर नाकात घ्यायचा नाही. बायकोच्या पर्सचा बंद गेला तो याच आठवड्यात.

आणि चांगलं प्लास्टिक कुठलं, तर मायलर. हे ऐकून वाइंडर जाजमावर जवळजवळ आडवाच झाला. मायलरचे ताव तर त्याच्या दुकानात रोज कापले जायचे! मोटारीच्या खाचांमध्ये तार घालण्याआधी तोच कागदासारखा पातळ, पारदर्शक ताव सरकवायचा असतो. वीस वर्षं तो नाण्यांच्या राजवाड्यात बसला होता आणि वर्षभर नाण्यांना झोपडीत ठेवत होता.

मग त्याने आपली चाळीस बसवली. जाड पुठ्ठ्याचा चौकोन, मधून दुमडलेला. दोन्ही अंगांना गोल खिडकी. खिडकीला आतून मायलर. मध्ये नाणं, तीन बाजूंनी तीन पिना, आणि पिनांचे पाय पक्कडीने चेपून सपाट, म्हणजे शेजारच्या खिडकीला ओरखडा नको. बायको म्हणाली, "आपल्या लग्नाचा फोटो इतका नीट लावला असता तर भिंतीवरून पडला नसता." पण तिलाही ते आवडलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला तीच दाखवायची.

तर रविवार हमखास आपला, अशा गुर्मीत तो गुरुवारी मधल्या भावाकडे, दादाकडे गेला. शत्रूची तयारी बघून यावी म्हणून.

दादा निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त फक्त शाळेतून. घरात घंटा अजून त्याच्याच हातात होती. त्याने कपाटातून अल्बम काढला. बाहेरून चामड्याचा, वर सोनेरी अक्षरं, आत कप्प्याकप्प्यांची लुसलुशीत पानं आणि प्रत्येक नाण्याखाली मोत्यासारख्या अक्षरात देश, साल, धातू.

"असं असतं जतन, धाकट्या. तुझं ते पुठ्ठ्याचं खेळणं ठीक आहे. पण याला म्हणतात संग्रह."

पान उलटलं आणि वाइंडरच्या नाकात रेनकोट शिरला.

तो खाली वाकला. वडिलांचं सगळ्यात लाडकं नाणं, जहाजाचं. तांब्याचं. जहाजाच्या शिडाखाली मोहरीएवढा हिरवा ठिपका. शेजारच्या नाण्यावर आणखी दोन.

दादाचा चष्मा टेबलावर पडला होता. दादा फक्त स्वतःचं अक्षर बघत होता.

वाइंडर "छान आहे" म्हणाला आणि चहा न पिता घरी आला. हा माणूस चहा सोडतो म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे बायकोने चपला काढायच्या आतच ओळखलं.

"काय गिळून आलात?"

त्याने सांगितलं. मग हळूच पुढचंही सांगितलं. "मी गप्प बसलो तर रविवारी ताईला ते हिरवं आपोआप दिसेल. मला तोंड उघडायलाच नको. डबा आपला."

"आणि सांगितलंत तर?"

"तर दादा नाणी साफ करून घेईल. मग त्याचं ते अक्षर, तो सोनेरी अल्बम... ताई अक्षराला भुलते. लहानपणापासून."

"आणि नाही सांगितलंत तर तोवर ठिपके वाढतील."

"तीन दिवसांत काय वाढणार?"

"मग बसा गप्प. सासऱ्यांचं जहाज हिरवं होऊन बुडू द्या. डब्याला लावा हळदीकुंकू."

झालं. शुक्रवारी सकाळी दुकानाचं शटर न उघडता वाइंडर पुन्हा दादाच्या दारात.

दादाने सगळं ऐकून घेतलं आणि वर्गात कॉपी पकडल्यासारखा हसला. "रविवार तोंडावर आला आणि तुला माझा अल्बम विषारी वाटायला लागला. वा! अकलेचे दिवे लावलेस."

"दादा, एक कोपरा कापू दे. रिकाम्या पानाचा. नखाएवढा."

"अल्बमला कात्री लावायची नाही."

आतून वहिनी आली. तिने हात पुसले, अल्बम उचलला, शेवटचं रिकामं पान काढलं आणि सरळ कात्री चालवली. "भावजी, एवढा पुरे? की अजून हवाय? मलाही या वासाने कपाट उघडवत नाही."

खिडकी उघडून मेणबत्ती लावली. वाइंडरने आधी नुसती तार तापवली. ज्योत पिवळी. मग खिशातला मायलरचा तुकडा टेकवला. ज्योत पिवळीच. मग अल्बमचा कोपरा.

हिरवीगार!

"तार बदल," दादा म्हणाला. तार बदलली. हिरवीगार. "मेणबत्ती बदल." मेणबत्ती बदलली. दादाने आता घर बदलायला सांगितलं असतं, पण वहिनीने त्याच्या नाकावर चष्मा चढवला आणि जहाजाचं नाणं डोळ्यांपुढे धरलं. दादाने शिडाखालचा ठिपका पाहिला. मग एकदम म्हातारा दिसायला लागला.

"बाबांचं आहे रे हे," तो म्हणाला.

"म्हणून तर आलो."

शनिवार सगळा दोघांचा वाइंडरच्या दुकानात गेला. शुद्ध ॲसिटोनच्या बशीत एकेक नाणं बुडवायचं, न चोळता वाळू द्यायचं. चिकट हिरवं बरंचसं सुटलं. जहाजाच्या शिडाखाली मात्र एक बारीक खड्डा कायमचा राहिला. मग चाळीस पुठ्ठे, ऐंशी खिडक्या. कापायचं, चिकटवायचं, पिना मारायच्या, सगळं वाइंडरने केलं. दादा स्टुलावर बसून सूचना करत होता.

रविवारी ताई वाइंडरच्या घरी आली. काठी कोपऱ्यात, डबा मांडीवर. समोर दोन ढीग, दोन्हींतले पुठ्ठे सारखेच, खिडक्या सारख्याच. तिने चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं.

"ही काय जुळी झाली का? कल्पना कोणाची?"

वाइंडरने तोंड उघडलं, तोवर दादाने घसा खाकरला होता. "त्याचं असं आहे ताई, प्लास्टिकचे धोके मी बारकाईने अभ्यासले. मग साधारण आखणी माझी, आणि धाकट्याने... मदत केली."

वहिनीला ठसका लागला. वाइंडरच्या बायकोने तिच्या पाठीवरून हात फिरवला, जरा जास्तच जोरात. वाइंडर छताकडे बघत राहिला. त्याला राग यायला हवा होता, पण हसू आलं आणि ते दाबताना कान लाल झाले. ताईने ते कान पाहिले. वॉर्डातला कुठला रोगी थर्मामीटर चहात बुडवतो हे तिला दारातून कळायचं.

"अस्सं? मग एक करून दाखव बरं."

"आत्ता?"

"पाच वर्षं थांबले. अजून पाच मिनिटं थांबते."

वाइंडरने घाईघाईने खिशातलं रोजच्या वापरातलं एक नाणं पुढे केलं. वडिलांचं तो या प्रयोगाला देणार नव्हता. दादाने ते उचललं, अंगठा बरोब्बर मधोमध ठेवून.

"काठ! काठाला धर!" वाइंडर, त्याची बायको आणि वहिनी एका सुरात ओरडले.

दादाने काठाला धरलं. पुठ्ठा दुमडला. खिडक्या कापल्या, त्यातली एक अंड्यासारखी झाली. मायलर एकाच बाजूला लावला, दुसरी बाजू विसरला. मोठ्या ऐटीत तीन पिना मारल्या आणि "हे घे" म्हणून ताईपुढे उभा धरला. नाणं उघड्या खिडकीतून शांतपणे बाहेर आलं, टणकन पडलं आणि कपाटाखाली गेलं. माजी मुख्याध्यापक चारी पायांवर त्याच्या मागे.

"सापडलं का?" ताईने विचारलं.

"धूळ फार आहे," कपाटाखालून आवाज आला.

"राहू दे तिथेच. ते तरी सुरक्षित आहे." तिने डबा वाइंडरच्या मांडीवर ठेवला. "ज्याला खिडकी बसवता येते त्याला नाणी. ज्याला थापा मारता येतात त्याला चहा. जा गं, चहा टाक, साखर कमी."

दादा गुडघे झटकत उठला. तोंड वाकडं करायचं नाही हे ठरलेलं होतं, म्हणून त्याने ते नुसतं लांब केलं. मग खुर्ची ओढून वाइंडरच्या शेजारी बसला आणि खिशातलं पेन काढलं.

"लेबलं मी लिहिणार. तुझं अक्षर म्हणजे जळालेली मोटार."

"लिही की. पण पुठ्ठ्यावर, नाणं आत जायच्या आधी. आणि पिनेला हात लावायचा नाही."

"पक्कडीला?"

"पक्कडीला तर नाहीच."

डबा उघडला. वाइंडरने वरचं पहिलं नाणं दोन बोटांत काठाला धरून उजेडात नेलं. दादा पेन सरसावून पुढे झुकला.

"साल काय आहे? इकडे दे, वाचतो."

"वाच," वाइंडर म्हणाला आणि हात अजून थोडा मागे घेतला. "लांबून."