मुक्या चित्रांचे सांगेमामा

लोकांना हसवणं हा सांगेमामांचा धंदा होता, आणि ते हसणं त्यांना धड ऐकू येत नसे. हे गुपित साऱ्या सोलापुरात दोघांनाच ठाऊक होतं, एक त्यांची बायको आणि दुसरा मी. त्या वेळी मी एका सिनेमागृहात पडद्याखाली बसून पेटी वाजवत असे. चित्रं मुकी होती. पळापळ आली की द्रुत लय, रडारड आली की भैरवी, एवढ्या दोन गोष्टींवर माझं चाललं होतं. मामा माझ्या शेजारी फळ्यांच्या ओट्यावर काठी घेऊन उभे राहत आणि पडद्यावर काय चाललंय ते लोकांना सांगत. मधल्या इंग्रजी पाट्या त्यांना वाचता येत नसत. त्यांचा अर्थ ते माझ्याकडून नीट समजून घेत, आणि मग त्याला हातही न लावता स्वतःच्या मनातलं सांगत.

खरं नाव त्यांचं वेगळं होतं. पण चित्र सुरू झालं रे झालं की मागच्या बाकांवरून ‘सांगा, मामा!’ असा पुकारा व्हायचा, तेलुगू विणकरांच्या बाकांवरून ‘चेप्पु, मामा!’ यायचं, आणि त्यातून ते सांगेमामा झाले. बाकांवर बसणारे बहुतेक गिरणीतले. मामाही मूळचे तिथलेच. सांचेखात्यात, म्हणजे जिथे शेकडो माग एकदम खडखडतात त्या खात्यात, त्यांनी बारा वर्षं काढली होती. तिथे ओरडण्याचा उपयोग नसतो. माणसं नुसते ओठ हलवतात, समोरचा ते ओठ वाचतो, आणि उरलेलं हातांनी भागवतात. मामांचा डावा कान तिथेच गेला. उजवा अर्धामुर्धा उरला होता. माग सोडले तर तेवढा टिकेल, नाहीतर दोन-तीन वर्षांत तोही जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मामांनी गिरणी सोडली. त्याच सुमारास त्यांची मुलगी चंपी बोलायला लागली होती.

‘मास्तर, पोरगी बोबडं बोलतीया,’ ते मला म्हणाले होते. ‘तेवडं ऐकायपुरता तरी कान ठेवावा म्हनलं.’

चित्राला आलेली माणसं एकदम हसली की मामांना ते पायांतून कळायचं. ओट्याच्या फळ्या थरथरायच्या. पण हसू कधी ओसरलं आणि पुढचं वाक्य कधी टाकायचं हे पायांना नेमकं कळत नसे. म्हणून मी पेटी वाजवता वाजवता टाचेने फळी ठोकायची, की मामा पुढे बोलायचे. विनोद त्यांचा आणि वेळ माझी, असा आमचा धंदा होता. लोक म्हणायचे, मामांना वेळेचं काय भान आहे! मला त्याचा थोडा रागही यायचा. पेटीवाल्याच्या टाचेचं कौतुक कुणी करत नाही.

परदेशातून येणारे ते छोटे विनोदी पट मामांच्या हाती पडले की सोलापूरचेच होऊन जात. एका पटात एक हडकुळा कामगार होता. यंत्रातून सरकत येणाऱ्या खोक्यांवर झाकण दाबायचं, एवढंच त्याचं काम. मध्येच त्याच्या नाकाला खाज सुटते. नाक खाजवावं तर खोकं निसटतं, खोकं धरावं तर नाक राहतं. तो नाक खांद्याला घासतो, शेजाऱ्याच्या पाठीला घासतो, शेवटी यंत्राच्या दांड्याला घासायला जातो आणि स्वतःच खोक्यात जाऊन पडतो. वर झाकण बसतं, झाकणावर शिक्का बसतो. मामा गंभीर चेहऱ्याने सांगायचे, ‘नाकानं रजेचा अर्ज दिलाय. साहेब म्हनतुय, हाताला इचार. हात म्हनतुय, मी कामावर हाय, मला कुटं येळ?’ बाकं गदगदा हलायची.

एकदा चित्र संपल्यावर त्यांनी मला विचारलं, ‘मास्तर, खुर्चीवाले आन् बाकडेवाले येकाच ठिकानी हसत न्हाईत. ध्यानात आलं का?’ माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ‘खुर्चीवाले मानूस पडला की हसत्यात,’ मामा म्हणाले. ‘आमचे लोक यंत्र मोडलं की हसत्यात.’ दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम कान देऊन बसलो. तसंच होतं. इतकी वर्षं दोन्ही कान शाबूत असून मला जे ऐकू आलं नव्हतं, ते या माणसाला फळीवरून कळलं होतं.

आता त्या खुणेची गोष्ट सांगतो. सांचेखात्यात जॉबर, म्हणजे मागवाल्यांवरचा मुकादम, फिरायला निघाला की पहिला बघेल त्याने दोन बोटं भुवईवर ठेवायची. ती खूण मागामागून पुढे जाई आणि जॉबर पोचण्याआधी सगळे कामात गढलेले असत. त्या खोक्यांच्या पटातही एक शिट्टीवाला मुकादम होता. एका रविवारी तो पडद्यावर आला तेव्हा मामांना लहर आली. बोलायचं सोडून ते काठी काखेत मारून पडद्याच्या उजेडात पुढे झाले आणि त्यांनी दोन बोटं भुवईवर ठेवली. आता छप्पर उडणार, अशा हिशेबाने ते माझ्याकडे बघून मिश्कील हसले.

कुणी हसलं नाही. बाकांवरची माणसं ताठ झाली. विड्या पायाखाली गेल्या. कुणी बाजूची टोपी उचलून डोक्यावर घातली. पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याचे दोन्ही हात तर समोर माग असावा तसे वर आले आणि तसेच राहिले. सुट्टीचा दिवस, तिकीट काढून बसलेली माणसं, आणि सगळी गिरणीत! क्षणभराने कुणीतरी शरमून खोकलं, मग एकदोघं हसले, पण ते हसू काही पसरलं नाही. फळी हलेना म्हणून मामा माझ्याकडे बघत राहिले. मी टाच कशी ठोकणार?

‘मास्तर, मी हसवाया गेलो हुतो की,’ नंतर ते म्हणाले. ‘त्यो शिट्टीवाला पडद्यात हाय असं मला वाटलं. त्यो हितं बसलाय.’ त्यांनी छातीवर हात ठेवला. ती खूण त्यांनी पुन्हा कधी केली नाही.

मग बोलपट आला. चित्रं बोलू लागली, गाऊ लागली, आणि आम्ही दोघं एका आठवड्यात बिनकामाचे झालो. मी मालकांकडे जाऊन मामांना निदान दारावर तरी ठेवा म्हणून गळ घातली. मालक माणूस वाईट नव्हता. त्याने ठेवलं. पण दारावरच्या माणसाला हाक ऐकू यायला लागते. मामांचं गुपित चार दिवसांत उघडं पडलं, आणि मालक मलाच म्हणाला, ‘तूच सांग, काय करू?’ दारावरची नोकरीही गेली. मला मुलींच्या शाळेत गाणं शिकवायची नोकरी लागली. पेटी येणाऱ्या हातांना शाळा मिळते. मामांच्या हातांना मागाशिवाय कुणी विचारलं नाही.

ते जॉबरकडे गेले. त्याच्या खुणेवर सारं सिनेमागृह ताठ झालं होतं हे त्याच्या कानावर गेलं असणारच. मला वाटलं, तो खुन्नस काढेल. पण तो चांगला वागला. ‘या मामा, तुमचाच माग हाय,’ म्हणाला. त्याने हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं, असं माझ्या मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली. घरात खाणारी तोंडं होती आणि मी मारे त्यांच्या कानाची काळजी वाहत होतो.

डॉक्टर म्हणाले होते दोन-तीन वर्षं. उजवा कान एका वर्षात गेला. चंपी तोवर माझ्याच शाळेत गाणं म्हणू लागली होती. तिचा आवाज फार गोड होता. तो कसा आहे हे मामांनी मला एकदा विचारलं, आणि मी ‘गोड आहे’ एवढंच म्हणू शकलो. ज्याने नाकाच्या खाजेवर अर्धा तास लोकांना हसवलं, त्याला मी त्याच्या मुलीच्या आवाजाबद्दल चार अक्षरं सांगितली.

त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी मी त्यांना आग्रहाने एका विनोदी बोलपटाला नेलं. गोष्ट गिरणीतल्या एका कारकुनाची होती. नेहमीचीच बाकं, नेहमीचीच माणसं. कारकून साहेबासमोर उभा राहून काहीतरी बोलला आणि सगळे खदखदून हसले. मामांनी मोठ्याने विचारलं, ‘काय म्हनला?’ बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा आहे ते कळत नाही. मी सांगितलं, पण अंधारात त्यांना माझे ओठ दिसेनात. मी काडी पेटवून तोंडासमोर धरली आणि सांगू लागलो, तोवर पडद्यावर पुढचं वाक्य आलं. दुसरी काडी पेटवली. ‘काय? काय म्हनला?’ मामा विचारत होते. मागून कुणीतरी ओरडलं, ‘ए म्हाताऱ्या, गप बस की!’ दुसरा म्हणाला, ‘इझवा ती काडी!’ वर्षानुवर्षं ‘सांगा, मामा’ म्हणणारेच ते आवाज होते. मी दोन्ही ओळखले. मामांना ते ऐकू आले नाहीत, एवढंच नशीब. पण वळून बघणारे चेहरे त्यांना काडीच्या उजेडात दिसले. त्यांनी फुंकर घालून काडी विझवली आणि ते उठले.

बाहेर लख्ख ऊन होतं. मामा माझ्यासमोर उभे राहिले आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, ‘आता सांगा. काय म्हनला त्यो?’

मी एकेक शब्द सुटा करून सांगितला. साहेब विचारतो, उशीर का झाला? कारकून म्हणतो, साहेब, मी वेळेवर आलो, तुमचं घड्याळच लवकर येऊन बसलंय.

मामा पुढच्या शब्दासाठी माझ्या ओठांकडे बघत राहिले. ‘एवडंच?’

‘एवढंच.’

‘याच्यापरीस मी बरं सांगितलं असतं की.’

‘हो, मामा,’ मी म्हणालो, ‘कितीतरी बरं.’ पण तोवर त्यांनी पाठ फिरवली होती.