दातानं दाबलेलं शिसं

"काका, तुमच्या रक्तात शिसं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मी हसलो. शिसं जाळ्याला असतं, ते रक्तात कशाला जाईल? जन्मभर मासे धरणाऱ्याला शिसं काय असतं ते ही कालची पोरगी शिकवणार, असं मनात आलं. हसत होतो तेव्हा माझा उजवा पंजा मनगटातून खाली लोंबत होता, मान मोडलेल्या कोंबडीसारखा. तो मला वर उचलता येत नव्हता. तरी हसू येत होतं. माझ्या अकलेचा अंदाज यावरूनच घ्या.

या आजाराला लेड पॉयझनिंग म्हणतात, म्हणजे शिशाची विषबाधा. पंजा लोंबतो त्याला रिस्ट ड्रॉप. शिसं हाताच्या नसेवर बसलं की पंजा वर येत नाही. हे सगळं मी लिहून ठेवतो आहे, कारण आमच्या भागात जाळी बांधणारी घरं पुष्कळ आहेत आणि त्या घरांत माझ्याइतकेच शहाणे लोक राहतात.

आमचं गाव अहेरीच्या रस्त्याला, जंगलाला लागून. गावामागे बोडी आहे, म्हणजे लहान तळं. फेकायच्या जाळ्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या लागतात, नाहीतर जाळं बुडत नाही. हे शिसं मी जुन्या बॅटऱ्यांतून काढत असे. इन्व्हर्टरच्या, ट्रॅक्टरच्या, मोटारसायकलच्या. बाजाराच्या दिवशी मी मासे घेऊन अहेरीला जायचो आणि येताना बॅटऱ्या घेऊन यायचो. एका बॅटरीला एक मरळ, असा आमचा रिवाज. शिकलेल्या घरच्या बाया गेटपर्यंत येऊन म्हणायच्या, "भाऊ, ही ब्याद घेऊन जा एकदाची." ब्याद गेली आणि वर कालवणाची सोय झाली, म्हणून त्या खूश. भिंतीवर प्रमाणपत्रं टांगलेल्या त्या घरांतून एकानंही कधी विचारलं नाही की तू हिचं करतोस तरी काय.

तर काय करायचो ते सांगतो. कुऱ्हाडीनं बॅटरी फोडायची. आतलं अंग जाळणारं अ‍ॅसिडचं पाणी नालीत ओतायचं, ते बोडीत जायचं. आतल्या पाट्या लोखंडी कढईत, अंगणातल्या चुलीवर वितळवायच्या. वास यायचा, गोड गोड, जिभेवर बसणारा. साच्यात ओतून गोळ्या पाडायच्या, दोरीवर चढवायच्या आणि दातानं दाबून घट्ट करायच्या. आमचे बाप-आजे दातानंच दाबत आले. पकड घेतली तर लोक हसतात. माझ्या दातांचा मला अभिमान होता. असा अभिमान बाळगायला माणूस किती मूर्ख लागतो हे आता कळतं.

नालीकाठचं गवत जळलं. मग बोडीत बारके मासे पालथे तरंगले. सारं गाव काठावर जमलं आणि आम्ही एकमतानं दोष दिला बाजूच्या बांधीतल्या धानाच्या फवारणीला. सगळ्यात मोठ्यानं मी ओरडलो होतो.

पोट दुखायला लागलं ते पावसाळा संपताना. आतून कुणी पिळा घालावा तसं. चार-चार दिवस संडास नाही. गावातल्या दुकानातून गॅसच्या गोळ्या आणल्या. त्यानंतर एका खाजगी डॉक्टरनं हात न लावता अपेंडिक्स ठरवलं आणि कापायची तारीखही देऊन टाकली. त्या तारखेआधी अंगातलं रक्त उतरलं, म्हणून कापणं टळलं. रक्त कमी आणि पोटात दुखतं, तर आमच्याकडे पहिला संशय सिकलसेलचा. तीही तपासणी झाली. सिकलसेल निघाला नाही.

मग एका सकाळी जाळं फेकायला हात मागे नेला आणि पंजा उठलाच नाही. जाळं पायाशीच पडलं. बायको काठावर होती. ती म्हणाली, "काऊन, हाताले काय झालं तुमच्या?" त्या दिवशी पहिल्यांदा मी घाबरलो.

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात दोन दिवस रांगेत बसलो. तिथे या डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी पोट पाहिलं, हात पाहिला आणि म्हणाल्या, तोंड उघडा. मी लाजलो. खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, खाणाऱ्याचं तोंड कुणी हौसेनं बघत नाही. त्यांनी टॉर्च मारून हिरड्या पाहिल्या. दातांच्या मुळाशी निळी-काळी रेघ होती.

"हे खर्र्याचं हाय जी," मी म्हणालो.

"खर्रा असं करत नाही," त्या म्हणाल्या. "काम काय करता?"

मी सगळं सांगितलं, वर फुशारकीनं. त्यांनी लिहिणं थांबवलं. रक्ताचा नमुना नागपूरला गेला. ब्लड लेड लेव्हल, म्हणजे रक्तात शिसं किती ते. रिपोर्ट आला तेव्हाचं माझं हसणं वर सांगितलंच आहे. त्या चिडल्या नाहीत. फक्त विचारलं, "घरात लहान मूल कोण आहे?"

माझी नात आहे, रेवती. पाच वर्षांची. मी कढई चढवली की ही तिथेच अंगणात भातुकली मांडायची. तिला माती खायची सवय. आम्ही त्याचं कौतुक करायचो, पाहुण्यांना सांगायचो. दिवाळीपासून ती चिडचिडी झाली होती, जेवत नव्हती, बोलताना शब्द अडत होते. आम्ही नजर उतरवली. बॅटरीची राख पडलेल्या त्याच अंगणात, मीठ-मिरची घेऊन.

तिचं रक्त तपासलं. शिसं माझ्यापेक्षा जास्त निघालं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषधानं रक्तातलं शिसं उतरेल. पण मेंदूवर जेवढा परिणाम झाला असेल, तो किती भरून येईल ते मी आज सांगू शकत नाही." मी म्हणालो, माझं राहू द्या, हिला बरी करा. असं सगळेच आजे म्हणत असतील. त्यांच्यातल्या किती जणांनी स्वतःच्या हातानं विष पेरलेलं असतं ते ठाऊक नाही.

दोघंही भरती झालो. किलेशन म्हणतात त्या उपचाराला, म्हणजे शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध. रोज लघवी मोजायची, दर काही दिवसांनी सुई. सुई पाहिली की रेवती माझ्या कुशीत शिरायची. माझ्याच कुशीत.

तिकडे गावी मुलाला निरोप दिला होता की अंगणातली माती काढून टाक. त्यानं मन लावून काढली आणि टोपल्या भरभरून बोडीत टाकली. वरून सांगायला आला, "साफ करून टाकलं, बाबा." जशी काही बोडी दुसऱ्या तालुक्यात आहे. मी त्याला काय बोलणार? शिकला तो माझ्याकडेच. ती माती उपसायला उन्हाळा लागला. ती कुठे न्यायची हे ग्रामपंचायतीला विचारलं, तर तिथले बाबू म्हणाले, "टाका न कुठी बी जंगलात!" अजून ती पोत्यांत बांधून, ताडपत्रीखाली, माझ्या उरावर आहे.

गावात परतलो तर आमच्याच गल्लीत सोमाजीनं कढई चढवलेली. माझा चुलतभाऊ. माझ्या बॅटऱ्या आता त्याच्याकडे जात होत्या. मी त्याला लोंबता हात दाखवला.

"तुले पचलं नाई, दादा," तो गोळी दातात धरूनच म्हणाला. "आमाले काई होत नाई."

मी त्याच्या दारात बसून राहिलो. दुसऱ्या दिवशीही बसलो. चुलीजवळ रांगणाऱ्या त्याच्या पोरीकडे बोट दाखवून मी त्याला नको नको ते बोललो. तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं कढई आपटली आणि पोरीला घेऊन ती माझ्यासोबत दवाखान्यात आली. सोमाजी अजून माझ्याशी बोलत नाही. न बोलो. पोरीचं वेळेत कळलं, त्यात माझं भागलं.

माझा पंजा आता उठतो. जाळं फेकता येतं, पूर्वीसारखं गोल पडत नाही एवढंच. हिरडी न्याहाळून आमच्या घरातलं विष ओळखणाऱ्या त्या कालच्या पोरीचे मी मनापासून उपकार मानतो. अहेरीच्या बायांच्या गेटवर आता जातो, तो बॅटरी मागायला नाही. नवी घेता त्या दुकानातच जुनी परत द्या, असं सांगायला जातो. काही जणी ऐकतात. बाकीच्या विचारतात, मरळ आणली का?

रेवतीच्या रक्तातलं शिसं बरंच उतरलं आहे. ती जेवते, भांडते. गावातली शहाणी माणसं मला धीर देतात, "पोरगीच तं हाय, एवढं काय घेऊन बसले?" त्यांच्या तोंडाला लागत नाही, तेवढी ताकद मी दुसरीकडे लावतो.

रोज सकाळी आम्ही दोघं चिंचोके मांडून बसतो. गेल्या वर्षी ती तीसपर्यंत घडाघड मोजायची. आता चौदावर थांबते, पुढचा चिंचोका बोटाखाली धरून माझ्याकडे बघते.

"तुमीच सांगा न, आबाजी."

मी सांगत नाही. जाळं तसंच पडून राहतं, ऊन चढतं, बायको जेवायला हाका मारते. मी तिच्यासमोर बसून असतो.