आक्काच्या टिटव्या

वर्गात भूगोल चालू होता. दाराशी आमचा सालदार दित्या येऊन उभा राहिला, फेटा हातात घेऊन. फेटा हातात बघितला आणि मी खडू खाली ठेवला. नंदुरबारहून कोरीटला, आमच्या गावी, आम्ही दोघं बैलगाडीतून निघालो... आक्का जाऊन आज सव्वा महिना झाला. लोक म्हणतात, सुटली बिचारी. मला या शब्दाचा संताप येतो. तिला सुटायचं नव्हतं हो, जगायचं होतं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. सातव्या वर्षी लग्न झालं, अकराव्या वर्षी पांढरं कपाळ घेऊन माहेरी परत आली, ती कायमची. मी तेव्हा पाळण्यात होतो. माय कामाला जायची आणि मला आक्का सांभाळायची, म्हणून माझी खरी आई कोण असं कुणी विचारलं तर मला उत्तराला वेळ लागेल. सणावारी, लग्नकार्यात तिनं मागच्या खोलीत बसायचं, हे घरात सांगावंही लागत नसे. तिची ऐट चालायची ती वावरात. नाल्याकाठच्या आमच्या वावरात दर चैत्रात टिटवी अंडी घालायची. घरटं कसलं, चार खडे गोळा केलेले आणि त्यात खड्यांच्याच रंगाची चार अंडी. वखर चालू असला की आक्का पुढे जाऊन उभी राहायची आणि भोवतीची चार हात जागा सोडायला लावायची. वडील चिडायचे, म्हणायचे, ही पोरगी एक दिवस सगळं वावर पाखरांच्या नावावर करेल. भर उन्हात टिटवी नाल्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसते, हे मला तिनं दाखवलं. पुढे एकदा थंडीत प्रकाशा गावी तापीवर गेलो, तेव्हा मी मास्तरकीच्या तोऱ्यात तिला चिखल्या, तुतवार, शेकाट्या अशी वाळूवरच्या पाखरांची नावं सांगायला लागलो. ती म्हणाली, नावं राहू दे, यातलं उपाशी कोण ते सांग.

फायनलच्या परीक्षेला निघालो त्या सकाळी मायनं तिला समोर येऊ दिलं नाही. चांगल्या कामाला निघताना विधवेचं तोंड नको. गाडी नाल्याजवळ आली तर टिटव्या आकांत करत वर उठलेल्या. बांधाआड आक्का उभी होती, मला दिसू नये अशी, पण मला बघायला. पाखरांनी चहाडी केली. मला उतरून तिच्या पाया पडायचं होतं... मी मान फिरवली. परीक्षा पास झालो आणि मायला वाटलं, आपण केलं ते बरंच केलं.

गेल्या वर्षी आक्काला क्षय झाला. डॉक्टर म्हणाले, मोकळ्या हवेत ठेवा. वावरातली खोली सारवून तिची खाट तिथे नेली, आणि ती इतकी खूश झाली की आठ दिवस तिचा खोकलाही कमी वाटला. यंदा टिटवीची अंडी बांधापलीकडे होती. ती खाटेवरून दिसत नसत, पण टिटव्यांचा आवाज यायचा. त्या ओरडल्या की मायचा जीव खालीवर व्हायचा. आजाऱ्याच्या डोक्यावरून टिटवी बोलत गेली की माणूस राहत नाही, असं आमच्याकडे सगळेच मानतात. मी वर्गात पोरांना सांगत आलो की हे थोतांड आहे. पण एका संध्याकाळी आक्काच्या थुंकीत रक्त पडलं, बाहेर टिटव्या ओरडत होत्या, आणि माझ्यातला मास्तर कुठल्या कुठे पळाला. दित्याच्या हातात गोफण मीच दिली. मारू नकोस, नुसत्या हाकल, असं बजावलं आणि तेवढ्यावर स्वतःला दयाळू समजलो. तीन दिवसांत टिटव्या गेल्या. अंडी उन्हात पडून राहिली.

रविवारी घरी गेलो तेव्हा आक्कानं विचारलं, "टिटव्या कथा गयात रे भाऊ?" मी म्हणालो, नाल्याचं पाणी आटलं, तापीकडे गेल्या असतील. तिनं मान वळवून दाराबाहेर बघितलं.

"अंडी सोडीसन?"

मी उठून बाहेर आलो. पुढच्या रविवारी तिनं विचारलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मला वाटलं, आजारात विसरली. लिहायला लाज वाटते, पण मला हायसं वाटलं. त्याच आठवड्यात ती गेली.

दिवसकार्य आटोपल्यावर दित्या माझ्याजवळ येऊन बसला. मग हळूहळू बोलला. आक्कानं त्याला एकट्याला बोलावून टिटव्यांचं विचारलं होतं, आणि तिच्या तोंडावर त्याला खोटं बोलता आलं नव्हतं. रागावली का, मी विचारलं. तो नाही म्हणाला. तिनं त्याला एवढंच सांगितलं होतं, "भाऊले बोलू नको. तो मन्हा जीवसाठी करी ऱ्हायना."

म्हणजे मी हे तिच्या जिवासाठी करतोय हे ओळखून शेवटचे दिवस ती मुक्या वावराकडे तोंड करून पडून होती आणि माझ्यासाठी गप्प होती. मला वाईट वाटू नये म्हणून... आता रविवारी मी तिच्या खोलीत जाऊन बसतो. खाट तिथंच आहे. दार उघडं ठेवतो. माय एकदा येऊन बघून गेली. टिटव्या अजून आलेल्या नाहीत.