संशयिताचा रकाना

कचेरीच्या व्हरांड्यात तिसऱ्या खांबाला लागून ज्यांचं टेबल आहे, ते अर्जवाले. आईबापांनी नाव ठेवलंय त्यांना, पण बावीस वर्षांत त्या नावानं हाक मारल्याचं कोणाला आठवत नाही. टेबलावर लॅपटॉप, खाली प्रिंटर, प्रिंटरवर धुळीसाठी जुना टॉवेल, समोर दोन खुर्च्या, त्यातली एक लंगडी. ज्यांना ऑनलाइन अर्ज जमत नाही, ज्यांच्याकडे ईमेल नाही, किंवा ज्यांना त्या पडद्याची नुसतीच धास्ती वाटते, ते सगळे या टेबलापाशी येतात. आणि अर्जवाल्यांचा हात असा झरझर चालतो की समोरचा बापाचं नाव सांगेपर्यंत हे आजोबांच्या रकान्यावर पोचलेले असतात.

त्यांचा एक हट्ट होता. रकाना मोकळा सोडायचा नाही. "मोकळा रकाना म्हणजे परत आलेला अर्ज," हे वाक्य त्यांनी दिवसातून दहा वेळा तरी ऐकवलं असेल. दुसरी खोड म्हणजे, गिऱ्हाइकाकडे फोन नसला की बिनधास्त स्वतःचा नंबर टाकायचा, आणि कार्ड नसलं की फी स्वतःच्या खात्यातून भरून रोख पैसे घ्यायचे. त्यामुळे फोनवर दिवसाला शंभरेक मेसेज. कोणाचा ओटीपी, कोणाची पावती, आणि त्याच गर्दीत स्वतःच्या बँकेचेही. आता ते वाचत बसायला वेळ कोणाला आहे?

सोमवारी प्रिंटरची शाई घ्यायला गेले, कार्ड दिलं, तर दुकानदार म्हणाला, "काका, खात्यात पैसे नाहीत."

"मशीन बिघडलंय तुझं," अर्जवाले म्हणाले.

मशीन धडधाकट होतं. बँकेतल्या बाईंनी खातं उघडलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. गेले आठ महिने, दर महिन्याच्या पाच तारखेला, तेवीसशे. समोर एका ऑनलाइन पेमेंट कंपनीचं नाव आणि त्यापुढे हातभर लांब आकडा.

"ही कोण कंपनी? मी यांना ओळखत पण नाही!"

"ती मधली आहे हो. पैसे तिच्यामार्फत पुढे जातात. पुढे कोणाला, ते आम्हाला दिसत नाही."

"मग दिसतं कोणाला?"

"त्यांना मेल करा. तोवर पुढची कपात मी थांबवते." बाईंनी चष्मा काढला. "पण काका, असं आपोआप जात नाही. कोणीतरी तुमच्या फोनवरून मान्य केलेलं असणार. फोन कोणाच्या हाती असतो?"

फोन कोणाच्या हाती असतो, हे अर्जवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. दुपारी ते जेवायला जात तेव्हा टेबलावर त्यांचा मेहुणा बसे. बायकोचा धाकटा भाऊ, पस्तिशीचा, गाडी चालवण्यात तरबेज. त्याची कंपनी बंद पडली तेव्हापासून, म्हणजे अकरा महिने, तो यांच्याच घरी होता. कोणाचा ओटीपी आला तर अडायला नको म्हणून फोन टेबलावरच राहायचा. पासवर्डही यांनीच सांगितलेला. आणि पैसे कधीपासून जातायत? आठ महिने. जुळलंच की सगळं!

आता वेळ कोणती होती तेही ऐका. अकरा महिने उंबरे झिजवल्यावर मेहुण्याला एका हॉस्पिटलात रुग्णवाहिकेवर चालकाची नोकरी लागली होती. फक्त पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणून शुक्रवारी पाचच्या आत हॉस्पिटलच्या खिडकीवर द्यायचा बाकी होता. नाही दिला तर नोकरी यादीतल्या पुढच्याला. त्या दाखल्याचा अर्ज अर्जवाल्यांनीच भरला होता, आणि बायको रोज विचारायची, "आला का हो त्याचा दाखला?"

त्या दिवशी घरी त्यांनी बायकोला खात्याचं सांगितलं. बँकेतल्या बाई फोनबद्दल काय म्हणाल्या, ते सांगितलं नाही. अठरा हजारांच्या वर गेलेत म्हटल्यावर ती मटकन खाली बसली. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, तक्रार करा तुम्ही. असं गप्प बसू नका."

काय पण नाटक करतो, असं अर्जवाल्यांच्या मनात आलं.

मंगळवारी ते पोलीस ठाण्यात गेले. हवालदारानं छापील कागद पुढे सरकवला. अर्जवाल्यांनी खिशातलं पेन काढलं आणि उभ्या उभ्या भरायला घेतला. नाव, पत्ता, खातं, रक्कम. शेवटून दुसरा रकाना होता, 'कोणावर संशय असल्यास'. त्यात त्यांनी लिहिलं, 'पत्नीचा भाऊ. घरातच राहतो. फोनचा पासवर्ड माहीत आहे.' पुढे त्याचं पूर्ण नाव, वय, नंबर. खाली सही ठोकली.

"एवढा स्वच्छ भरलेला अर्ज पहिल्यांदा बघतोय," हवालदार म्हणाला. अर्जवाल्यांना अंमळ बरं वाटलं.

बुधवारी मेहुणा दुपारी टेबलावर आला नाही. संध्याकाळी घरी आला तो तोंड पाडून. जेवायला बसला, दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला केलं. बायको पैशांच्या घोरात, तिनं आग्रह केला नाही. अर्जवाल्यांनी ताटातून मान वर केली नाही. तिघंजण एका खोलीत, आणि कोणी कोणाशी बोलेना. गुरुवारही तसाच गेला.

शुक्रवारी अकरा वाजता त्या कंपनीचा मेल आला. पैसे एका परीक्षेच्या क्लासला जात होते. मासिक हप्ता. संमती दिल्याची तारीख होती, वेळ सकाळी अकरा बेचाळीस, आणि विद्यार्थिनीचं नाव.

अकरा बेचाळीस! मेहुणा यायचा दुपारी एकनंतर.

अर्जवाल्यांनी खणातली वही काढली. भरलेला प्रत्येक अर्ज ते त्यात लिहून ठेवत. त्या तारखेला ते नाव सापडलं, आणि मग बाईही आठवली. लेकीला क्लासला घालायला आलेली, कार्ड नव्हतं तिच्याकडे. पहिला हप्ता यांनी भरला, रोख घेतले. शेवटी चौकट होती, 'पुढील हप्ते याच खात्यातून घ्यावेत.' समोर आलेल्या चौकटीत यांनी टिक केली, नेहमी करतात तशी, न वाचता. वहीतला नंबर फिरवून त्यांनी त्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "अहो, पोरीनं महिन्यातच सोडला तो क्लास. आम्हाला वाटलं, पैसे भरले नाहीत की नाव आपोआप कटतं."

लंगड्या खुर्चीवरचं गिऱ्हाईक म्हणालं, "काका, माझं होतंय ना आज?" अर्जवाले उठले आणि टेबल उघडंच टाकून निघाले.

हवालदारानं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "काय काका तुम्ही! परवा चार तास बसवला त्याला आम्ही. दाखला अडकवलाय. आता साहेबांची सही लागेल, आणि साहेब आहेत बाहेर."

"कधी येतील?"

"येतील तेव्हा येतील."

अर्जवाल्यांनी लिहून दिलं. तक्रार खोटी, चूक माझी, मेहुण्याचा काहीएक संबंध नाही. मग बाकावर बसले. एक वाजला, दोन वाजले. पाणी प्यायला उठायची भीती, तेवढ्यात साहेब येऊन गेले तर? साडेतीनला त्यांनी हवालदाराचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. चारला दहा कमी असताना साहेब आले, वाचलं, वरपासून खालपर्यंत एकदा अर्जवाल्यांकडे पाहिलं आणि सही केली. दाखला टाइप होऊन शिक्का बसेपर्यंत साडेचार. रिक्षा चौकात अडकली तेव्हा ते उतरून पळत सुटले, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, छातीचा भाता झालेला. हॉस्पिटलच्या खिडकीवरचा माणूस फळी ओढतच होता. त्यानं कागद घेतला, पावती दिली.

पावती घेऊन ते भिंतीला टेकले. जीव भांड्यात पडला. आणि लगेच, खरं सांगायचं तर, मनात दुसराच विचार आला. नोकरी वाचली, तक्रार मागे घेतली. आता हे घरी कोणाला कळायची गरजच काय?

घरी पोचले तर मेहुणा बॅग भरत होता. बायको दारात उभी.

"कुठे निघालास?" अर्जवाल्यांनी पावती पुढे केली. "झालं तुझं काम. सोमवारी हजर व्हायचं."

त्यानं पावती घेतली, नीट वाचली. "आभारी आहे, भाऊजी. हॉस्पिटलात चालकांची खोली असते. तिथेच राहीन आता."

"अरे, पण..."

"बुधवारी हवालदारानं तो कागद माझ्यासमोर ठेवला होता. तुमचं अक्षर मला ओळखू येणार नाही होय?" आवाज चढलेला नव्हता. "तुमचं एक वेळ मी सोडून दिलं असतं. पण ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, तीही तुमच्याच बाजूनं. आत्ता कळलं, तिला काही माहीतच नव्हतं."

"मी पैशांच्या काळजीत होते रे," बायको म्हणाली. "तुझ्यावर कशाला संशय घेईन मी?"

"पैशांचं सापडलं," अर्जवाले घाईघाईनं म्हणाले. "माझीच चूक. मी न वाचता टिक केली. ह्याचा काही संबंध नाही. मी तसं लिहून दिलंय पोलिसांना."

बायकोनं डोळे पुसले. मग नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण अशी ती कधी उभी राहिली नव्हती.

"एकच सांगा मला. माझ्या भावाचं नाव लिहिताना तुमचा हात जरा तरी थांबला होता का?"

थांबला होता म्हटलं असतं तर तिला तेवढाच आधार झाला असता. मेहुणाही बॅगेची चेन धरून वाट बघत होता. अर्जवाल्यांच्या ओठांवर ते खोटं आलंही होतं.

"नाही," ते म्हणाले. "नाही थांबला."

मेहुण्यानं चेन ओढली. बायको त्याच्या हातातली बॅग घेऊन त्याला पोचवायला खाली उतरली.