एकवीस मेंदू

विद्यापीठाच्या मेंदूविज्ञान विभागात मी सव्वीस वर्षं तंत्रज्ञ आहे. उंदरांचे मेंदू काढायचे, त्यांचे केसाहून पातळ काप करायचे, हे माझं काम. हुशार विद्यार्थी पुष्कळ बघितले. त्यांना मेंदू कळायचा, स्वतःची भांडी विसळणं कळायचं नाही. जिला आम्ही मुंगी म्हणायचो, ती माझीही विसळून ठेवायची.

शिवणकाम करणाऱ्या आईची ही एकुलती लेक. आई फोनवर विचारायची, “संपत आलं का गं तुझं उंदीरपुराण?” ही म्हणायची, “झालंच, आई.” पीएचडीची पाच वर्षं असंच चाललं होतं. तिचे सर उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत, त्यामुळे सुई कशी टोचायची इथपासून सगळं ती चुकत चुकत शिकली.

तिचा प्रयोग सोपा होता. जखमी मेंदूत डाव्या बाजूला औषध टोचायचं, उजव्या बाजूला नुसतं मिठाचं पाणी, आणि कुठल्या बाजूच्या पेशी जास्त जगतात ते मोजायचं. काप पाण्यात उलटसुलट होतात, म्हणून मेंदू काढल्याबरोबर उजव्या बाजूला बारीकशी चीर द्यायची. दोन्ही बाजू ओळखायची तेवढीच खूण.

बारा मेंदू तिने स्वतः काढले. मग आईचं ऑपरेशन निघालं. जाताना तिने भिंतीवर कागद चिकटवला: चीर उंदराच्या उजव्या बाजूला, नाक पलीकडे ठेवून. मला हसू आलं. कालची पोर मला शिकवतेय. उरलेले एकवीस मेंदू मी हाताला सोयीचं पडेल तसे काढले, कधी नाक पलीकडे, कधी माझ्याकडे, आणि चीर दरवेळी माझ्या उजव्या हाताला.

परत आल्यावर आठ महिने ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी मोजत होती. मोजणी संपली त्या दुपारी माझ्या टेबलाशी आली.

“काका, चीर देताना नाक कुठे होतं?”

“पलीकडे. सगळ्यांचं,” मी म्हणालो.

“माझ्या बाराही मेंदूंत औषधाची बाजू चांगली आहे. तुमच्या एकविसांत दहा सरळ, अकरा उलटे. खरं सांगा.”

मी सांगितलं. वर शहाणपणाही केला, “मग उलटे तेवढे फिरवून घे ना. कुणाला कळणार आहे?”

“जिथे पेशी जास्त, तिथे औषध होतं असं धरायचं?” ती म्हणाली. “मग पाच वर्षं मोजलं कशाला?”

बारांवर पदवी मिळत नाही. नवे उंदीर घ्यायला मुदत नव्हती. तिने एकवीस मेंदूंचे काप मोजणीतून वगळले आणि स्वतः डब्यात भरून टाकले. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

सरांनी कारण लेखी मागितलं. तिने लिहिलं, “खुणेच्या कामावर देखरेख ठेवण्यात माझी चूक झाली.” माझं नाव कुठेच नव्हतं. सरांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, मग निष्काळजीपणावर तिला अर्धा तास सुनावलं. ती मान खाली घालून उभी होती. मी तिच्या शेजारीच होतो, आणि अर्धा तास मिठाची गुळणी धरून उभा राहिलो.